दमायच्या आधी बसणाऱ्या बाई

अमरावतीत आमच्या गल्लीपासून मालटेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणाकोणाच्या ओट्यावर बाईंचा बसण्याचा हक्क होता, ते मला अजून तोंडपाठ आहे. आधी कोपऱ्यावरच्या शिंप्याची पायरी, मग पिठाच्या गिरणीबाहेरचं बाकडं, मग एका निवृत्त तहसीलदारांच्या फाटकाशेजारचा कठडा आणि शेवटी सायकल दुरुस्तीवाल्याचं पालथं घातलेलं खोकं. बाई फिरायला निघाल्या की या प्रत्येक ठिकाणी बसत. दमल्या म्हणून नव्हे.

"दमल्यावर कोनीबी बसते," त्या म्हणत. "दमाच्या आधी बसलं पाह्यजे. तेच लोकाईले जमत नाही."

अनोळखी माणसाला वाटे, ही उंच, किडकिडीत बाई कोणाची तरी वाट पाहत बसली आहे. पायात लोकरीचे मोजे, मोज्यांवर चप्पल, इस्त्रीची सुती साडी आणि तिच्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत एक राखाडी, पुरुषी स्वेटर. खांद्यावरून तिरकी घेतलेली कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची स्टीलची बाटली. मे महिन्यात स्वेटरच्या जागी शाल येई. ती उन्हासाठी नसे, लोकांच्या घरच्या कूलरसाठी असे. कूलरशी बाईंचं उघड वैर होतं. एकदा एका लग्नात त्यांनी आपल्या शेजारचा भला मोठा कूलर सरळ बंद करून टाकला आणि वऱ्हाडी मंडळी घामाने निथळत कोणी बंद केला, कोणी बंद केला म्हणून शोधत राहिली. बाई शांतपणे मठ्ठा पीत होत्या. मठ्ठ्यात बर्फ नाही ना, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले तेव्हा मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. त्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. गल्ली त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही बाई म्हणायला लागले.

खोली पाहायला बाबा आणि मी वरूडहून एसटीने आलो होतो. आधीच्या दोन घरमालकांना बाबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, पोरीला सिकलसेल आहे, कधीमधी दवाखान्यात न्यावं लागतं. दोन्हीकडे खोली अचानक पुतण्याला लागणार असल्याचं निघालं. त्यामुळे तिसऱ्या घरी जाताना बाबा म्हणाले, "इथं तू काई बोलू नोको, मी बी नाही बोलत."

बाईंनी दार उघडलं, बाबांकडे पाहिलंच नाही. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"डोये पिवळे हायेत तुहे," त्या म्हणाल्या. "एसएस का एएस?"

बाबा दचकले. मीही. हा प्रश्न मला आजवर फक्त पांढरा कोट घातलेल्या माणसांनी विचारला होता. आई आणि वडील दोघांकडून हे रक्त आलं की एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आलं की एएस, म्हणजे नुसता वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. 

"एसएस," मी म्हणाले.

"मी बी." त्यांनी हनुवटी सोडली. "खोली वर हाये. पायऱ्या हायेत, पन मधात टेकाले जागा हाये. या."

बाबा खोली पाहत होते. मी बाईंना पाहत होते. पायऱ्यांच्या मधल्या वळणावर त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर त्या दोन घटका टेकल्या आणि मला विचार करायला वेळ मिळाला. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या गोल तांबड्या पेशी थंडीने, तहानेने, दमण्याने विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे हाड फोडल्यासारखं दुखतं. ते दुखणं मला लहानपणापासून ओळखीचं होतं. तपासणीच्या रांगेत माझ्यासारखी मुलंही खूप पाहिली होती. पण माझं रक्त असलेला म्हातारा माणूस मी कधीच पाहिला नव्हता. अशी माणसं असतात हेच मला ठाऊक नव्हतं. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे, आणि न बोलण्यातून मी जे समजायचं ते समजले होते.

"बाई, तुमचं वय काय?" बाबांसमोर मी विचारून टाकलं.

"रिटायर झाली ना मी. सरकारनं म्हातारी म्हनून घरी पाठोलं," त्या म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होते. निरीक्षण करायचं, घाईने निष्कर्ष काढायचा नाही, असं आम्हाला शिकवत. कॉलेजात मी बेडूक आणि नाकतोडे पाहिले, पण मन लावून अभ्यास केला तो घरमालकिणीचा. ही बाई काय खाते, कधी झोपते, कशी उठते? म्हातारं व्हायचं तर काय काय करावं लागतं?

पहिलं कळलं ते सकाळच्या हजेरीचं. बाई जाग आल्यावर लगेच उठत नसत. अंथरुणातच पडून एकेका सांध्याचं नाव घेत, आणि तो सांधा हळूच हलवून स्वतःच उत्तर देत. खाली पाणी आणायला गेले की मला ऐकू येई.

"उजवं मनगट? हजर. डावं मनगट? हजर. उजवा खांदा?" मग जरा शांतता. "उजवा खांदा उशिरा येऊन राहिला."

उशिरा आलेल्याला शिक्षा नसे. उलट त्या दिवशी त्याला सूट मिळे. उजव्या खांद्याची कामं डाव्याकडे जात. पूर्ण गैरहजर असेल तर त्या दिवशी व्यायामच बंद, गरम पाण्याची पिशवी आणि पांघरूण. हजेरी पूर्ण लागली तर मग खुर्चीत बसून पाय लांब करायचे, घोटे फिरवायचे, भिंतीला तळवे टेकून हात वर न्यायचे, छाती भरून श्वास घ्यायचा. घाम यायच्या आत सगळं संपे. ते पाहून मला वाटे, हा कसला व्यायाम? हे तर रियाजाआधी नुसता तंबोरा लावणं झालं.

दुसरं पाण्याचं. दार वाजलं की बाई पाणी पीत. पोस्टमन आला, दूधवाला आला, चुकून कोणी पत्ता विचारायला आला, तरी त्या आधी पेला तोंडाला लावत आणि मग कडी काढत. मलाही तीच सवय लावली. आजही अकोल्यात माझ्या घराची घंटा वाजली की माझा हात आधी पाण्याकडे जातो, आणि नवऱ्याला वाटतं मी दार उघडायला उशीर करते. हा नवराही बाईंच्या चाळणीतून आला आहे. स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी फोनवर बाबांना बजावलं होतं, "पत्रिका मंग पाहा. आधी त्याचं रक्त पाहा." त्याने बिचाऱ्याने काही न बोलता तपासून आणलं.

तिसरी गोष्ट लक्षात यायला मला बरेच दिवस लागले. शाळेत पीटीच्या तासाला मी ओसरीत बसून सगळ्यांची दप्तरं सांभाळायची. त्यामुळे बाई मला पहिल्यांदा मालटेकडीकडे घेऊन निघाल्या तेव्हा इतकं चालायची मला सवयच नव्हती. त्यात बाई चालताना सारखे प्रश्न विचारत. तुह्या घरी कढीत काय काय घालते तुही माय? संत्र्याले बहार कवा धरता तुमी? तुह्या आत्याचं तुह्या आईसंग काहून पटत नाही? मला वाटलं, बाई जरा जास्तच चौकस आहेत. मी सांगत जायची. आणि ऐन रंगात आले की त्या मध्येच म्हणत, "बस." तिथे जे काही असेल, पायरी, दगड, त्यावर बसायचं.

एकदा चढाला लागल्यावर मी आत्याची गोष्ट सांगत होते. ती निर्णायक जागी आली होती. "आणि मग आत्या... आईला म्हणाली..."

"बस."

"बाई, गोष्ट तरी पुरी होऊ द्या!"

"गोष्ट पुरी होईन. वाक्य तुटलं तुहं. वाक्य तुटलं का बसाचं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गोष्ट ऐकतच नव्हत्या, माझा श्वास ऐकत होत्या. तपासणीच्या डॉक्टरबाईंनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. बाईंनी ते शब्दशः घेतलं होतं.

"म्हणजे तुम्हाला आत्याचं काहीच ऐकायचं नव्हतं?" मी जरा फुगून विचारलं.

"कोन म्हंते?" बाटलीचं झाकण उघडून माझ्यापुढे धरत त्या म्हणाल्या. "पी. अन् सांग, मंग काय म्हने तुही आत्या?"

त्या प्रेमळ वगैरे नव्हत्या. कोणी कण्हायला लागलं की त्यांचा चेहरा कोरडा होई. बागेतल्या योगवर्गात त्या काही दिवस गेल्या, तिथल्या गुरुजींनी सगळ्यांना भरभर सूर्यनमस्कार घालायला लावले, तर बाई एक घालून सतरंजीवर मांडी घालून बसल्या. गुरुजी म्हणाले, "ताई, आळस सोडा." बाई म्हणाल्या, "तुमी कोनासंग शर्यत लावून राहिले? मांगं तं कोनी दिसत नाही." त्यानंतर त्या वर्गाला गेल्या नाहीत, पण बागेत त्याच वेळी, त्याच झाडाखाली बसून स्वतःचे घोटे फिरवत राहिल्या. हळूहळू दोन-तीन म्हाताऱ्या गुरुजींना सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसायला लागल्या.

ओट्यांच्या हक्काबाबतही त्या अशाच होत्या. तहसीलदार मुलाकडे पुण्याला गेले आणि घर विकलं. नव्या मालकाने फाटकाशेजारच्या कठड्यावर सिमेंटमध्ये काचा रोवून टाकल्या, कोणी बसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी बाईंबरोबर होते. त्यांनी काचांकडे पाहिलं आणि फाटक उघडून घराची घंटा वाजवली.

"मी रोज इथं बसते," दार उघडलेल्या गृहस्थांना त्या म्हणाल्या. "आता तिथं बसता येत नाही, तं आत बसते."

आणि खरंच आत जाऊन सोफ्यावर बसल्या. मी दारातच उभी. गृहस्थ इतके गोंधळले की त्यांनी पाणी आणून दिलं. बाईंनी ते फ्रिजचं आहे का विचारून माठातलं मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा. मग पुन्हा. गृहस्थांच्या बायकोची आणि बाईंची कुंडीतल्या मोगऱ्यावरून ओळख झाली. बाई मूळच्या अचलपूरकडच्या फुलमळेवाल्यांच्या, त्यांना मोगऱ्याचं सगळं कळे. आठवडाभरात काचा फोडून कठडा गुळगुळीत करण्यात आला. तरी ती बायको बाईंना आतच बोलवायची. मग बाईच सांगू लागल्या, "नाही वं, बाहीरच बरं. तुहा कूलर लय थंडा हाये."

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की पाणी प्यायलं, दमण्याआधी बसलं, सांध्यांची हजेरी घेतली की हे रक्त वठणीवर येतं. तसं नव्हतं. मी राहायला गेले त्याच हिवाळ्यात बाईंचं दुखणं उठलं. मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते. एवढी ताठ बाई पलंगाची दांडी धरून, ओठ चावत, माझं नावही विसरून गेली होती. सलाइन, वेदनेची इंजेक्शनं, ऑक्सिजन. रोजच्या गोळ्या त्या कधी चुकवत नव्हत्या, पाण्यात कसूर नव्हती, मोजे पायात होते. तरी आलंच. मी मनातून फार घाबरले. जिला पाहून मी म्हातारं व्हायला शिकत होते, तीच अशी.

घरी आल्यावर मी विचारलं, "मग चालण्याचा उपयोग काय, बाई?"

त्या उशांना टेकून पेज पीत होत्या. त्यांनी वाटी संपवून खाली ठेवली.

"येनारं दुखनं येतेच," मग म्हणाल्या. "पहिले असं दुखनं आलं का मी महिना-महिना अंथरूनात राहाची. उठली का पायच कबूल होत नसे. आता पाहाजो तू, मी पुढच्या आठवड्यात गिरनीपावतर जातो का नाही. एवढाच उपयोग हाये. जास्त सांगन तं खोटं होईन."

पुढच्या आठवड्यात त्या गिरणीपर्यंत गेल्या. बाकड्यावर त्यांच्यासाठी कोणीतरी पोत्याची घडी घालून ठेवली होती.

माझं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू असताना अकोल्याच्या एका डॉक्टरबाईंनी सिकलसेल असलेल्या मुलांच्या पालकांची बैठक ठेवली आणि बाईंना बोलावलं. त्यांना भाषण नको होतं. पालकांनी बाईंना नुसतं पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही आदल्या दिवशी एसटीने गेलो, बाईंच्या भाच्याकडे, म्हणजे त्यांच्या चुलतभावाच्या मुलाकडे उतरलो.

बैठक एका शाळेच्या सभागृहात होती. बाई पुढे खुर्चीवर बसल्या आणि आया त्यांच्याकडे तसंच पाहू लागल्या जसं मी पायऱ्यांवर पाहिलं होतं. एक बाई मात्र मागे उभी होती. पातूरजवळच्या खेड्यातली, काळजीने वाळलेली. तिच्या कडेवर पहिली-दुसरीतली मुलगी होती. एवढी मोठी की तिचे पाय आईच्या गुडघ्याखाली लोंबत होते.

"पाय दुखून राहिले का तिचे?" बाईंनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "पन दुखतीन ना."

सभागृहात कोणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकीने आपापल्या पोराला असंच उचललेलं होतं. बाई उठल्या, मुलीसमोर गेल्या आणि हात पुढे केला. "माह्यासंग खिडकीपावतर येतं का? मले एकटीले भेव वाटते." मुलीने आईकडे पाहिलं, मग खाली उतरली. दोघी खिडकीपर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. मग डॉक्टरबाई बोलू लागल्या, आया प्रश्न विचारू लागल्या, आणि मुलं बाहेरच्या मैदानात गेली. ती मुलगीही गेली. बाई दारातल्या खुर्चीवर बसून तिच्याकडे पाहत होत्या. ती धावत होती. धावताना हसत होती, आणि तिचं हसणं आत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. मुलीला पहाटे दवाखान्यात आणलं होतं. पाय आणि पाठ, भयंकर दुखत होतं.

भाचा म्हणाला, "आत्या, तुमी जाऊ नोका. लोकं काईबाई बोलतीन." बाईंनी मोजे चढवले आणि निघाल्या. मी बरोबर गेले.

वॉर्डच्या दाराशीच ती आई उभी होती. बाईंना पाहिल्यावर तिचा आवाज चढला. "आल्या का पाहाले? चालोलं ना तुमी तिले? सात वर्सं म्या जमिनीवर ठेवली नाही तिले, अन् तुमी एका दिवसात..." बाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि तिथून उठल्या नाहीत. आत मुलगी कण्हत होती. कण्हणं सहन न होणाऱ्या बाई ते कण्हणं ऐकत बसल्या होत्या.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मुलीला आदल्या दिवसापासूनच बारीक ताप होता, त्या म्हणाल्या. शिवाय एसटीत लघवीला थांबवत नाहीत म्हणून आईने तिला दिवसभर पाणीच दिलं नव्हतं. "तुम्ही तिला खिडकीपर्यंत चालवलंत, त्याने हे झालेलं नाही. मनाला लावून घेऊ नका."

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता बाई उठतील.

"डॉक्टरबाई, थे पळून राहिली होती," बाई म्हणाल्या. "मी पाहून राहिली होती. थांबोलं पाह्यजे होतं, मले समजत होतं. पानी पेली का म्हनून विचारलं पाह्यजे होतं. थे हासून राहिली होती, म्हनून नाही थांबोलं."

डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

संध्याकाळी मुलीला जरा झोप लागली. आई बाहेर आली आणि कुठे बसावं हे न कळल्यासारखी उभी राहून शेवटी बाईंच्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला बसली. डॉक्टरांनी तिलाही तापाचं आणि पाण्याचं सांगितलं होतं.

"तुमाले बी होते का असं?" तिने विचारलं.

"होते."

"अन् तरी..." तिने बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "मंग मी काय करू, सांगा ना. उचलू का नोको उचलू?"

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "मले सगळंच माहीत नाही वं," त्या म्हणाल्या. "दुखते तवा उचल. नाही दुखत तवा हात धर. अन् दर वेळेस पानी पाज."

आई रडायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, तसं त्यांना कधी जमलंच नाही. पण पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढे धरली. "तू बी पे. सकायपासून पेली नसशीन."

परतीच्या एसटीत बाई खिडकीजवळ शाल गुंडाळून बसल्या होत्या. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मी विचारलं, तुम्ही चालायला लागलात तरी कशा? तुम्हाला कोणी शिकवलं? हे मी आधीही विचारलं होतं आणि त्यांनी उडवून लावलं होतं. त्या दिवशी बोलल्या.

त्यांना एक थोरला भाऊ होता. फुलमळ्यात राबायचा. त्याचंही अंग दुखायचं, पण तेव्हा या रक्ताचं नाव कोणाला माहीत नव्हतं. घरचे म्हणत वात आहे, बाहेरचे म्हणत कामचोर आहे. ते ऐकू नये म्हणून तो जास्त राबायचा. एका लग्नसराईत भर दुपारी झेंडूचे भारे वाहत होता. बसला नाही, पाणी प्यायला नाही. बांधावर पडला, परतवाड्याला नेईपर्यंत गेला. बाई तेव्हा लहान होत्या आणि त्यांचंही अंग दुखायला लागलं होतं. आईने धसका घेतला. त्यांना खाटेवर बसवलं ते कायमचंच.

"त्याले कोनी बसू देल्लं नाही, अन् मले कोनी उठू देल्लं नाही," बाई म्हणाल्या. "माहे पाय काडीवानी झाले. मंग मावशीनं शिवनमशीन आनून देल्ली, बसल्या बसल्या काई करीन म्हनून. पायानं चालोयची. थोडीशी चालोली का पाय मोकळे वाटत. दिवाळीची शिलाई आली, लय चालोली, का दुखनं उठे. तवा मी मशीनवरच शिकली, कुठी थांबाचं थे."

"आणि आजाराचं नाव कधी कळलं?"

"लय उशिरा. मी नोकरीत होती, शाळेत रक्त तपासाले लोकं आले. डॉक्टरनं सांगतलं तवा मी ढसाढसा रडली. थो म्हने, घाबरू नका बाई. त्याले काय सांगू? मी माह्यासाठी नव्हती रडत. माहा भाऊ कामचोर नव्हता, हे सांगाले घरात आता कोनी उरलंच नव्हतं."

खिडकीबाहेर कपाशी वेचून झालेली शेतं मागे जात होती. बाईंनी शाल नीट केली आणि अमरावती येईपर्यंत डोळे मिटून बसल्या.

ती मुलगी बरी झाली. आई तिला शाळेच्या अर्ध्या रस्त्यापर्यंत उचलून आणि पुढे हात धरून नेऊ लागली, मग नुसता हात धरून. आता ती दहावीला आहे. दुखणं तिला अजूनही येतं. मध्ये तिने मला विचारलं, आजीला मोबाइलवर व्हिडिओ कॉल करता येतो का. येतो, पण आजी फोन कानाला लावतात, त्यामुळे तिला नुसता कानच दिसतो.

मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी इकडे आले. काही वर्षांनी बाईही आल्या, पण वेगळ्या कारणाने. खुब्याच्या हाडाला रक्त नीट न पोचून ते झिजत गेलं होतं. या आजारात असं होतं. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, नवा खुबा बसवला, आणि एकटीने राहणं शक्य नाही म्हणून भाच्याने अमरावतीचं घर बंद करून त्यांना आपल्याकडे आणलं. मी गेले तेव्हा त्या वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत यायच्या. फिजिओथेरपीच्या मुलीशी त्यांचं रोज भांडण होई. ती जेवढं सांगे तेवढंच बाई करत, पण आधी तिला स्वतः खुर्चीत बसवत. "तू उभ्यानं दमली दिसतं. बस, मंग सांग."

या वर्षी थंडी ओसरल्यावर बाईंनी काढलं, पातूरची लेणी पाहायची. जन्म वऱ्हाडात गेला आणि एवढ्या जवळची लेणी पाहिली नाहीत. भाचा नको म्हणाला. डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, उन्हाच्या आधी जा, हळू जा. मी सकाळीच ओळखीच्या रिक्षावाल्याला घेऊन आले.

रिक्षा जाईल तिथवर नेली. पुढे थोडा चढ होता. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, असं करत, टेकत टेकत बाई वर पोचल्या. खांबांना हात लावून पाहिलं. छताकडे बघत विचारलं, इतकं वरचं कसं कोरलं असंन? फळ्या बांधून, का दगडातच पायऱ्या ठेवून? आधी वरून की आधी समोरून? मला नीट माहीत नव्हतं. जे माहीत होतं ते सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं. खूप वेळ त्या आत रमल्या.

उतरायला आम्हाला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली येऊन पाहतो तर रिक्षावाला मागच्या सीटवर आडवा झाला होता, पाय बाहेर, तोंडावर रुमाल. गाढ झोप. मी त्याला हाक मारणार तोच बाईंनी माझा दंड धरला.

"उठवू नोको."

"बाई, दुपारी माझा तास आहे कॉलेजात."

"फोन कर, उशिरा येते म्हन."

"ऊन होईल."

"सावली हाये ना."

माझ्या लहानपणी घरात माझ्या बाबतीत सगळ्यांना घाई असे. हिला समुद्र दाखवून आणा, हिचे फोटो काढून ठेवा, हिला जे खायचं ते देऊन टाका. का, ते कोणी सांगत नसे. बाई कडुनिंबाखालच्या दगडावर बसल्या, काठी आडवी ठेवली आणि पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली.

"झोपू दे त्याले," त्या म्हणाल्या. "आपल्याले कोनती घाई हाये?"

मी कॉलेजात फोन केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.